जुळ्या बोर्डाची चिप

सोळा पाय या बाजूला, सोळा त्या बाजूला. एकही वाकता कामा नये.

नऊ इंचांची भिंत. मोठ्याने आपल्या बाजूने गिलावा केला. म्हणून धाकट्याने आपल्या बाजूच्या विटा उघड्याच ठेवल्या.

एका मोराला चौदाशे चाळीस पत्ते लागतात. त्यातले सहाशे नुसत्या पिसाऱ्याचे.

डावा हात. करंगळी नाही. शेजारचं बोट पहिल्या पेरापर्यंत.

पायात एक चप्पल. दुसरी अजून जमिनीवर.

हे तुकडे मी वीस वर्षं सुटे ठेवले. एकाच शनिवारचे आहेत ते. लावून बघते.

*

"होईल ना?" जनार्दनभाऊंनी चौथ्यांदा विचारलं.

"होईल. फक्त पाच मिनिटं कुणी हात लावायचा नाही."

"हात कशाला लावू? मी तर लांब उभारलोय, अक्का. म्हणत असलीस तर गल्लीत जाऊन उभारतो."

सोलापूर, साल २००४, सकाळचे अकरा. जनार्दन मादगुंडी चादरी विणायचे. मी, चंद्रकला होटगीकर, सत्ताविसाची होते आणि संगणक दुरुस्त करायचे. बाजारपेठेत दोन टेबलांचं माझं दुकान होतं. त्या ओळीत बाई अशी मी एकटीच.

जनार्दनभाऊंचा संगणक हिशेबाचा नव्हता, नक्षीचा होता. पडद्यावर मोर काढायचा. मग संगणकाला जोडलेलं यंत्र पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायचं. त्या भोकांवरून मागाला कळायचं की कुठला धागा वर उचलायचा. ते यंत्र ज्या कार्डाने संगणकाला जोडलेलं होतं ते लांबलचक, जुन्या पद्धतीचं. नव्या कुठल्याच बोर्डात ते बसत नव्हतं. म्हणून १९९९ सालचा तो संगणक बदलता येत नव्हता, आणि आठवडाभर त्याची हार्ड डिस्क आतून टकटक करत होती. मरायला टेकली होती.

मी नवी डिस्क आणली. शुक्रवारी लावून बघितली तर जुना बोर्ड तिला पाहून थिजलाच. बोर्ड जन्मला तेव्हा एवढ्या मोठ्या डिस्क नव्हत्या. तिचं माप त्याला मोजता येईना.

"बायोस बदलावा लागेल," मी म्हटलं होतं.

"म्हणजे काय?"

"संगणक उठल्यावर सगळ्यांत आधी कुणाला हाक मारायची, कुठं काय ठेवलंय, याची यादी असते त्याच्या पोटात. एका चिपमध्ये. ती जुनी यादी पुसायची आणि नवी लिहायची. नव्या यादीत मोठ्या डिस्कचं माप आहे."

"आणि पुसल्यावर लिहिताच आलं नाही तर?"

"तर तो उठणार नाही."

असं काम आमच्या ओळीत तोवर कुणी केलं नव्हतं. मी मासिकात वाचलं होतं, दोनदा.

*

काय काय केलं ते सांगते. स्वतःची यूपीएस नेली, तिची बॅटरी आदल्या रात्री अर्धा तास चालवून तपासली. मागांचा मुख्य खटका बंद करायला लावला, विजेचा झटका नको म्हणून. पंखा बंद. दारातलं मांजर हाकललं. कंपनीच्या संकेतस्थळावरून बोर्डाच्या नावाची फाइल उतरवून फ्लॉपीत घेतली.

काय केलं नाही ते दोनच ओळींचं आहे.

बोर्डाच्या कोपऱ्यात नावापुढे एक बारीक अक्षर छापलेलं असतं, ते वाचलं नाही.

आणि पडद्यावर प्रश्न आला, जुन्या यादीची प्रत ठेवायची का? फ्लॉपीत जागा नव्हती. कोरी फ्लॉपी पिशवीत होती. पिशवी दारापाशी होती, पाच पावलांवर. मी 'नाही'चं बटण दाबलं.

पांढरी पट्टी भरत गेली. शेवटपर्यंत भरली. संगणकाने सांगितलं, झालं, आता पुन्हा चालू करा.

पुन्हा चालू केला. आतला पंखा फिरला. पडदा काळा. एरवी चालू होताना जो एक टुक आवाज येतो, तो आला नाही.

मी बंद केला. चालू केला. बंद केला. डबा उघडून कोपऱ्यावरची धूळ बोटाने पुसली. माझी फाइल 'ब'ची होती. बोर्ड 'अ'चा होता.

वाचलं नव्हतं, कारण तो बोर्ड मीच बसवलेला होता. आपण बसवलेल्या वस्तूचं नाव काय वाचायचं?

*

पाच वर्षं मागे.

मादगुंडी बंधूंची वाटणी झाली. थोरले मल्लेशम, धाकटे जनार्दन. पंचांनी सांगितलं, कुणाला जुनं आणि कुणाला नवं नको. सगळं सारखं घ्या. शेडच्या मधोमध भिंत घातली. दोन तराजू आले, दोन पाण्याच्या टाक्या, दोन संगणक. मी तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात कामाला होते. एकाच खोक्यातून आलेले दोन बोर्ड मी एकाच टेबलावर जोडले आणि दोघे भाऊ टेबलाच्या दोन बाजूंना बसून बघत होते.

"त्याला सात स्क्रू लावलेस," जनार्दनभाऊ म्हणाले. "मला सहाच."

"सातवा नुसता शोभेचा असतो, भाऊ."

"मग मला पण शोभा दे की."

 मल्लेशमअण्णांनी आपल्या डब्याचा सातवा स्क्रू स्वतः काढला आणि खिशात टाकला.

*

"मेला का?" जनार्दनभाऊंनी विचारलं.

"मेला नाही. विसरलाय."

"मग आठवण करून दे." ते स्टुलावर बसले. "अक्का, सोमवारी सकाळी तो हैदराबादचा व्यापारी येतोय. मोराचे पत्ते तयार दिसले नाहीत तर चादर अण्णाकडं जाईल. तोंडावर सांगून गेलाय तो. चार माग मी त्या मोरासाठी उपाशी ठेवलेत. चार विणकर. सोमवारी त्यांना काय सांगू?"

"एक वाट आहे. चिप न्यावी लागेल मला."

"कुठं?"

वाट अशी होती: तस्साच दुसरा बोर्ड पाहिजे, जिवंत. तसा दुसरा बोर्ड सोलापुरात माझ्या माहितीत एकच होता. नऊ इंचांवर.

"बाजारात," मी म्हटलं.

"ने. पण अण्णाच्या कानावर जाऊ देऊ नको." ते भिंतीकडे बघत होते. "हसला असता तर चाललं असतं. तो हसत नाही. गप्प बसतो."

चिप काढून मी रुमालात गुंडाळली. शेंगेएवढी असते. बत्तीस पायांची.

*

एका दारातून निघून दुसऱ्या दारात जायला गल्लीला वळसा घालून चार मिनिटं लागायची.

मल्लेशमअण्णा साठीचे. चष्म्याला दोरी. चादरीवर नख टेकवून इंचात किती धागे ते सांगायचे. त्यांचा तो डावा हात गल्लीत सगळ्यांना माहीत होता. एक्याण्णव साली, शेड एक असताना, ते मागात अडकलेला धागा सोडवत होते आणि जनार्दनभाऊंनी बटण दाबलं. अण्णांनी हात काढला होता, मी बघूनच दाबलं, असं जनार्दनभाऊ म्हणत. हात आतच होता, असं अण्णा म्हणत. पुढे आठ वर्षं एका ताटात जेवले दोघे, पण हात आत की बाहेर, ते मिटलं नाही. भिंत त्यावरूनच आली असं लोक म्हणायचे.

"ये कला. संगणक साफ करायला आलीस?" अण्णा म्हणाले. "दिवाळीला महिना आहे की अजून."

मी रुमाल उघडला. त्यांनी चिप उचलली, चष्म्याजवळ नेली, ठेवली.

"हे त्याचं."

"कशावरून?"

"माझं माझ्या डब्यात बसलंय. दुसरं असं एकच दिलंस तू गल्लीत." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "त्यानं पाठवलं?"

"नाही. त्यांना माहीत नाही मी इथं आलेय ते."

"बरं झालं. पाठवलं असतं तर नाही म्हणालो असतो."

स्वयंपाकघरातून अण्णांच्या बायकोने, वहिनींनी, चहा आणून ठेवला आणि दाराशीच उभ्या राहिल्या.

"तो हैदराबादवाला काल इथं बसून गेला," अण्णा म्हणाले. "धाकट्याकडून होत नाही, मोर तुम्हीच करा म्हणाला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"बघू म्हणालो. माणूस आपल्याच दारात दुसऱ्याची निंदा करायला लागला की मी बघूच म्हणतो. सांग, काय करायचंय?"

मी काहीही न लपवता सांगितलं. निदान तेव्हा तरी. तुमचा संगणक चालू करायचा. एकदा पुरता उठला की त्याला चिप लागत नाही, यादी त्याने तोंडपाठ केलेली असते. मग चालू असतानाच तुमची चिप उपटायची, त्या खाचेत ही विसरलेली बसवायची आणि तिच्यावर तुमच्या यादीची नक्कल उतरवायची. तिरकी निघाली, एक पाय दुसऱ्याला लागला, तर दोन्ही बोर्ड जातील.

"दोन्ही."

"हो."

"म्हणजे मोर कुणीच करणार नाही." त्यांनी चहा बशीत ओतला. "त्या व्यापाऱ्याचं तोंड मग बघण्यासारखं होईल बे."

वहिनी हसल्या. ते हसले नाहीत. चहा संपवला.

"कर," म्हणाले.

*

यावेळी कोपऱ्यातलं अक्षर मी मोठ्याने वाचलं. अण्णांकडूनही वाचून घेतलं. त्यांच्या यादीची प्रत काढली, एका फ्लॉपीत आणि मग दुसऱ्या फ्लॉपीत.

चिप उचलायला मी पातळ पेचकस काढला.

"चालू यंत्रात लोखंड घालतेस?" अण्णा म्हणाले. "ठेव ते."

त्यांनी बोबिनवरून सुती धागा ओढला, चौपदरी करून मांडीवर पीळ दिला. संगणक बंद असतानाच चिपच्या दोन्ही टोकांखालून एकेक फास सरकवला आणि वर गाठ मारली. तीन बोटांच्या हाताने. मला दहा बोटांनी जमली नसती. मग चिप अर्धी सैल केली, पाय फक्त खाचेला टेकलेले राहतील एवढी, आणि संगणक चालू केला. उठला. टुक.

"एक टोक तू धर, एक मी," ते म्हणाले. "मागावर ताणा उचलतो तसं. दोन्हीकडून सारखं. घाई ज्यानं केली त्याचा धागा तुटतो."

"कधी उचलायचं?"

"मी म्हणत नाही काही. तू माझ्या हाताकडं बघ."

बघितलं. हात वर गेला. माझाही.

चिप सरळ वर आली. पडदा तसाच होता, पांढरी अक्षरं, लुकलुकणारी रेघ. त्याला कळलंसुद्धा नाही.

जनार्दनभाऊंची चिप मी अंगठ्यांनी दाबून बसवली. आधी एक टोक, मग दुसरं. मग पांढरी पट्टी.

पाव.

अर्धी. वहिनींनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

अर्धीच. अजून अर्धीच.

पाऊण.

पूर्ण.

बंद केला. पंधरापर्यंत मोजलं. चालू केला.

टुक.

अण्णांनी चष्मा काढून धोतराला पुसला. पुष्कळ वेळ पुसला. मग आम्ही संगणक बंद करून त्यांची चिप त्यांच्या खाचेत परत बसवली, तोही उठला, आणि जनार्दनभाऊंची चिप, दोऱ्याचे नवे फास लावून, अण्णांनी स्वतः माझ्या रुमालात ठेवली.

*

मग त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला.

"चल."

"कुठं?"

"त्याच्याकडं. बसवायला दोन माणसं लागतात ना? आत्ताच तर शिकलो." बटणं लावायला त्यांना वेळ लागायचा. "पाच वर्षं झाली पलीकडं गेलो नाही. विटा तशाच ठेवल्यात म्हणे त्यानं. घाण दिसत असेल."

वहिनी ओल्या हातांनीच बाहेर आल्या.  अण्णांना त्यांचा रुमाल दिला आणि सदऱ्याची कॉलर मागून सरळ केली.

ते दारात आले. एक चप्पल पायात घातली.

"पण हे झालं कसं?" त्यांनी विचारलं. वाटेत काहीतरी बोलायचं म्हणून विचारतात तसं. "कुणाची चूक?"

मी एवढंच म्हणायचं होतं: माझी. दोन अक्षरं.

बाजारपेठेतली ती ओळ मला दिसली. माझ्या दुकानाच्या पाटीवरचं माझं नाव. अण्णांनी आत्ताच माझ्या हातावर विश्वास टाकून धागा उचलला होता, तोही दिसला, आणि मला तो खाली ठेववेना.

"जनार्दनभाऊंनी मध्येच बटण दाबलं," मी म्हटलं.

अण्णा खाली, दुसऱ्या चपलेकडे बघत होते.

"मध्येच."

"हो."

"तू सांगितलं होतंस, हात लावू नको म्हणून?"

"सांगितलं होतं." एवढं मात्र खरं होतं.

त्यांनी पायातली चप्पल काढली. जोडी भिंतीला नीट लावून ठेवली.

"तू जा," म्हणाले. "उशीर करू नको, पत्त्यांना रविवार अख्खा जाईल. आणि माझं नाव सांगू नको."

"अण्णा..."

"जा ग."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. आपल्या नवऱ्याकडे नव्हत्या बघत.

*

चार मिनिटं होती. गल्लीच्या वळणावर मी थांबले. परत फिरायचं असतं तर तिथून फिरायचं होतं. मी रुमाल उघडला, दोन्ही फास दातांनी तोडले आणि गटारात टाकले. जनार्दनभाऊंनी ती गाठ ओळखली असती.

त्यांच्याकडे चिप बसवली, नवी डिस्क बसवली, जुनीतला मोर नवीवर आणला. यंत्र पत्ते पाडायला लागलं, तेव्हा जनार्दनभाऊंनी पडद्याला हात जोडले.

"कुणी करून दिलं, अक्का?"

"बाजारातला आहे एक."

"देवमाणूस आहे," ते म्हणाले. "त्याला माझ्याकडून एक चादर नेऊन दे."

चादर मी नेली. माझ्या घरी.

सोमवारी मोर व्यापाऱ्याला पसंत पडला. चारही माग चालले.

त्या दिवाळीला भिंतीवरून फराळाचं ताट आलं नाही. वाटणी झाल्यापासून दर दिवाळीला वहिनी स्टुलावर चढून ते ताट पलीकडे उतरवायच्या. भाऊ बोलत नसले तरी. त्या साली नाही, पुढच्या साली नाही. जनार्दनभाऊंनी मला विचारलं होतं, अण्णा एवढ्यात कशावरून बिथरला काही कळलं का? मला काय माहीत, मी म्हटलं.

मल्लेशमअण्णा २०१३ साली गेले. तेराव्यानंतर जनार्दनभाऊ माझ्या दुकानात आले. काही दुरुस्तीला आणलं नव्हतं. स्टुलावर बसले, पाणी प्यायले.

"वहिनीनं सांगितलं," म्हणाले. "तो सदरा घालून निघाला होता म्हणे त्या दिवशी. एक पाय चपलेत घातला होता."

मी हातातला पेचकस खाली ठेवला.

"मला खरं सांग. वय झालंय, आठवतं तसंच असेल असं नाही. मी कुठं हात लावला होता का ग?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. समोर एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याला त्यांनी जागा करून दिली आणि गेले. पेला मी कितीतरी वेळ उचलला नाही.

नव्या हार्ड डिस्कच्या पाठीमागे दोन पिनांवर बसवायची प्लास्टिकची एक बारकी टोपी असते; ती बसवली की डिस्क आपलं माप कमी सांगते आणि जुना बोर्ड तिला निमूट घेतो, बायोसला हात लावावा लागत नाही. हे डिस्कच्या खोक्यावर चित्रासकट छापलेलं होतं, आणि मी ते शुक्रवारी दुपारी वाचलं होतं.